प्रोफेशनल फोटोला काय घालायचं? दाराआडचा कोट सोडून

आमच्या ठाण्यातल्या स्टुडिओत दाराआड एक काळा कोट टांगलेला आहे. माप ४२. पाठीमागून चार चिमटे लावले (कपडे वाळत घालायचेच) की कुणालाही बसतो. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरणाऱ्या पोरांपासून मुलीच्या लग्नाचा बायोडेटा करायला आलेल्या काकांपर्यंत शेकडो खांद्यांवर तो चढलाय. आता तर तेवढेही कष्ट नकोत, कॉम्प्युटरवर तयार कोट गळ्याखाली चिकटवून मिळतो. दोन्ही फोटो बघितल्याबरोबर कळतं की कोट या माणसाचा नाही. खांदा एकीकडे, शिवण दुसरीकडे आणि मान आखडलेली.

म्हणून पहिल्यांदाच नीट पोर्ट्रेट काढून घेणाऱ्याला मी आधी एकच सांगतो: नवीन काही घेऊ नका. ज्या कपड्यात तुम्ही दहा वेळा कामावर गेलाय, ज्यात बसताना-उठताना तुमचा हात कॉलरकडे जात नाही, तो कपडा कपाटातून काढा. मग तो कॅमेऱ्यासमोर चालतो का, हे खालच्या क्रमाने तपासा. बहुतेकांचं काम घरातल्या कपाटातच होतं.

पायरी १: फोटो कुठे लागणार आहे?

सरकारी फोटो आधी बाजूला काढू. तिथे आवडीला जागा नाही, नियम असतात. पासपोर्ट सेवा केंद्रात फोटो काउंटरवरच काढतात आणि मागे पांढरं असतं, म्हणून गडद रंगाचा, कॉलर असलेला शर्ट किंवा कुर्ता घालून जा. पांढरा शर्ट घातलात तर मुंडकं हवेत तरंगल्यासारखं दिसेल. अमेरिकेच्या व्हिसाला २ इंच बाय २ इंचाचा फोटो लागतो, त्यात गणवेश चालत नाही आणि नोव्हेंबर २०१६ पासून चष्माही चालत नाही. असे फोटो वेगळे काढा. ‘एकाच फोटोत सगळं उरकू’ म्हणणाऱ्याचं दोन्हीकडे बिनसतं.

आता आपला खरा विषय. लिंक्डइनवर फोटो गोल कापला जातो, आणि बघणारा तो मोबाइलवर नखाएवढा बघतो. म्हणजे डोक्यावर दोन बोटं जागा आणि खाली फार तर शर्टाचं दुसरं-तिसरं बटण. पँट, बूट, साडीच्या निऱ्या, सगळं बाद. कंपनीच्या वेबसाइटवर कमरेपर्यंत दिसू शकतं. व्याख्यानाच्या बॅनरवर कधी कधी पूर्ण उभा फोटो लागतो. पुस्तकाच्या मलपृष्ठावर किंवा स्मरणिकेत तो कृष्णधवल छापला जाण्याची शक्यता असते, आणि तिथे गडद हिरवा नि मरून बघता बघता एकाच राखाडी रंगाचे होतात. लाल काठाची हिरवी साडी हौसेने नेसलात तर काठ गेला कुठे, हे शोधत बसाल.

हे ठरलं की निम्मं कपाट आपोआप बंद होतं.

पायरी २: मागे काय असणार, ते फोन करून विचारा

एवढं कुणी विचारत नाही. विचारा. पांढरं, राखाडी, गडद, का ऑफिसची काचेची भिंत? कपडा मागच्या रंगापेक्षा स्पष्ट उजळ तरी हवा किंवा स्पष्ट गडद तरी. काळ्या पडद्यासमोर काळा कोट घातला की केस, खांदे आणि पडदा एकमेकांत विरघळतात. फोटोग्राफर मागून केसांवर एक लाइट टाकून वाचवतो, पण सगळ्यांकडे तो तिसरा लाइट असतोच असं नाही. काही ऑफिसांत मागे हिरवा पडदा लावून नंतर बॅकग्राउंड बदलतात. तिथे पोपटी कुर्ता घालून गेलात तर कुर्ताही बॅकग्राउंडबरोबर जाईल.

पायरी ३: रंग

‘माझ्या रंगाला काय शोभेल?’ हा प्रश्न मला रोज येतो, आणि त्यामागे बहुतेक वेळा ‘कशात गोरं दिसेन?’ हा दुसरा प्रश्न दडलेला असतो. मी त्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देत नाही. कॅमेऱ्याला गोरं-सावळं यात काही रस नसतो. त्याला चेहरा आणि कपडा यांतला उजळ-गडदपणाचा फरक दिसतो. तो फरक असला की चेहरा पुढे येतो. नसला की चेहरा आणि कपडा एकच पट्टा होतो.

गव्हाळ वर्णावर बिस्किटी, फिकट पीच, त्वचेच्या जवळ जाणारा बेज हे रंग नेमकं हेच करतात. आरशात ते फार सोज्वळ दिसतात आणि फोटोत माणूस आजारी दिसतो. सावळ्या वर्णाला मोरपंखी, गर्द निळा, जांभळा, राणी, वाइन असे भरीव रंग सुरेख दिसतात, आणि स्वच्छ फिकट निळा किंवा मोतिया पांढराही तितकाच खुलतो. गडद चॉकलेटी मात्र टाळा. गोऱ्या माणसाला फिकट गुलाबी, फिकट पिवळा यांपासून थोडं लांब ठेवलेलं बरं.

दोन गोष्टी दुकानात कुणी सांगत नाही. पहिली, भडक कपडा आपला रंग हनुवटीखाली फेकतो. फ्लॅशचा उजेड नारिंगी कुर्त्यावर पडतो, तिथून उसळून गळ्यावर आणि जबड्यावर येतो, आणि नंतर मी तासभर तो नारिंगीपणा पुसत बसतो. पोपटी, निऑन, झेंडूसारखा पिवळा ही त्याच घरातली मंडळी. दुसरी, पांढरा कपडा हेच उलट्या बाजूने करतो. गळ्याजवळचा पांढरा शर्ट हनुवटीखालची सावली उजळवतो, म्हणून कोटाच्या आत पांढरा शर्ट इतका चांगला दिसतो. पण नुसता पांढरा शर्ट, तोही निळीतून काढलेला पांढराशुभ्र, चेहऱ्याहून जास्त चमकतो. चेहऱ्याचा उजेड बरोबर ठेवला की शर्टाच्या घड्या जास्तीच्या उजेडात पुसल्या जाऊन सपाट कागद होतो. मोतिया किंवा दुधी रंग घ्या, फरक डोळ्यांना कळणार नाही, कॅमेऱ्याला कळेल. आणि पांढऱ्या शर्टाखाली पांढरा बनियन स्टुडिओच्या उजेडात पट्ट्यांसकट दिसतो. त्वचेच्या रंगाच्या जवळचा घाला.

काळा रंग सुरक्षित मानतात, मला तो कामाचा वाटतो पण आळशी. शिवण, घडी, पोत, सगळं गिळतो, आणि दाखवतो ते फक्त कोंडा आणि धूळ. काळ्याच्या जागी गर्द निळा किंवा कोळशासारखा राखाडी वापरून बघा.

जाता जाता: आजी-पणजीच्या जुन्या फोटोत कुंकू काळं का दिसतं माहितेय? त्या वेळच्या काचेच्या प्लेटांना आणि सुरुवातीच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. तांबडं ते काळं उमटे आणि निळं फिकं. म्हणजे कॅमेऱ्यासाठी रंग निवडण्याची कटकट आजची नाही.

पायरी ४: कापड हातात घेऊन बघा

सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते बारीक रेघांमुळे. बँकेत, आयटीत घालतात तो अंगभर सुईएवढ्या रेघांचा शर्ट, किंवा मोहरीएवढी चौकडी. मच्छरदाणी दुहेरी झाली की तिच्यात पाण्यासारख्या लाटा दिसतात ना, तसंच इथे होतं. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर ठिपक्यांची जाळी असते, कपड्यावर रेघांची जाळी. दोन्हींचं माप जवळ आलं की तिसरीच इंद्रधनुषी नक्षी उमटते. तिला मॉइरे म्हणतात. आमचा असिस्टंट स्क्रीनकडे बघून ‘सर, मोरे आले’ म्हणतो. एखादे वेळी मोठ्या फोटोत मोरे नसतात, पण फोटो लहान करून अपलोड केला की हजर होतात. म्हणून हात लांब करून कपडा धरा. रेघा एकमेकींत मिसळून झिणझिण्या आल्यासारखं दिसलं तर तो शर्ट परत हँगरवर. प्लेन कापड उत्तम. नक्षी हवीच असेल तर मोठी, विरळ आणि गळ्यापासून लांब.

चमक हा दुसरा शत्रू. सॅटिन, चकचकीत पॉलिएस्टर, ‘पार्टीवेअर’ म्हणून मिळणारा सूट, हे फ्लॅशखाली ओले दिसतात. इथे आपल्या खणाचाही विचार करा. खणाचं ब्लाउज सध्या फार आवडीचं आहे, आणि मलाही आवडतं. पण त्याची बारीक, पुन्हा पुन्हा येणारी नक्षी आणि अंगची झळाळी या दोन्ही गोष्टी कॅमेऱ्याला छळतात. प्लेन सुती साडीवर खणाची बाही थोडीशीच दिसत असेल तर बहार येते. पूर्ण खणाचा कुर्ता मात्र आधी तपासून घ्या.

लिनन सुंदर दिसतं, पण गाडीत बसलात की संपलं. लिनन घालायचं तर ते हँगरवर न्या आणि तिथे जाऊनच अंगात घाला. थोडं जाड सुती, खादी, लोकरी मिश्रणाचा ब्लेझर, टसर यांचा पोत फोटोत छान येतो. उजेड त्यांच्यावर पडून पसरतो, उसळत नाही.

पायरी ५: गळा आणि खांदे

हेडशॉटमध्ये, म्हणजे खांद्यापर्यंतच्या फोटोत, कपडा म्हणजे खरं तर गळा आणि दोन खांदे, बाकी काही नाही. सगळी अक्कल इथे खर्च करा.

कॉलरचं वरचं बटण लावून आत दोन बोटं सहज जायला हवीत. चार जात असतील तर मान कोंबडीसारखी बारीक दिसते, एकही जात नसेल तर गळ्याची वळी कॉलरवर येऊन बसते. टाय लावणार नसाल तर वरचं एकच बटण उघडं ठेवा, दोन नको. कॉलर मऊ पडत असेल तर तिच्या टोकात प्लास्टिकच्या पट्ट्या घाला. नव्या शर्टासोबत येतात आणि आपण फेकून देतो त्याच.

कोटाची खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे. अर्धा इंचही बाहेर गेली तर मुलाने बाबांचा कोट घातलाय असं दिसतं. छातीला ढिला असेल तर चालतो, पाठीमागे चिमटे आहेतच. पण खांद्याला चिमटा लागत नाही. बसून फोटो असेल तर कोटाचं बटण उघडा आणि मागचा घोळ खाली ओढून त्यावर चक्क बसा. नाही तर कॉलर मानेपासून वर उचलली जाते. उभ्याने असेल तर दोन बटणांपैकी वरचं लावा, खालचं सोडा.

मान आखूड असेल तर बंद गळा, हाय नेक, जाड स्टोल नको. लहानसा व्ही गळा मान लांब दाखवतो. मान लांब असेल तर बंदगळा किंवा नेहरू जॅकेट झकास. फार खोल किंवा फार रुंद गळ्याचा तोटा वेगळाच आहे: गोल कापलेल्या फोटोत कपडा चौकटीबाहेर जातो आणि तुम्ही काही घातलंय की नाही, असा प्रश्न पडतो. एका वकीलबाईंच्या मुलीचा बोट नेकमधला छान फोटो आम्हाला याच कारणासाठी पुन्हा काढावा लागला.

बाही दंडाच्या सगळ्यात जाड भागावर संपू नये. डोळा त्या रेघेवर जाऊन थांबतो. कोपरापर्यंत किंवा त्याखाली आणा. ओढणी असेल तर ती एका खांद्यावर पिन करा किंवा सरळ काढून ठेवा. दोन्ही खांद्यांवरून घसरणारी ओढणी पूर्ण शूटभर तुमचं लक्ष खाते.

साडी नेसणार असाल तर

साडीसाठी वेगळं लिहितोय, कारण यावर मराठीत तरी फारसं कुणी सांगत नाही. पदर डाव्या खांद्यावर असतो. डावा खांदा कॅमेऱ्याकडे वळवला तर चौकटीचा खालचा भाग सगळा पदराने भरतो. उजवा खांदा पुढे आणला तर ब्लाउजची बाही आणि दंड पुढे येतात, आणि पदर मागून तिरका काठ दाखवत उतरतो. दोन्ही चांगलं दिसू शकतं, पण कुठला काढायचा ते आधी ठरवा. काठ ही फोटोतली सगळ्यात सुंदर रेघ असते, ती चेहऱ्याकडे चढत गेली पाहिजे. पदराच्या प्लेट्स खांद्यावर चार बोटांपेक्षा रुंद नकोत. सुटा पदर उभ्या फोटोत डौलदार, हेडशॉटमध्ये पसारा.

पैठणीचा मोह सगळ्यांना होतो. तिच्यात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, म्हणून ती हलली की रंग बदलते. हीच तर तिची शान. पण स्थिर फोटोत एका खांद्यावर जांभळी आणि दुसऱ्या घडीवर लाल असं दिसलं की पैठणी कधी न बघितलेल्याला तो डाग वाटतो, आणि जरीचा रुंद पदर फ्लॅशमध्ये पेटतो. पैठणी उभ्या, मोठ्या, सत्काराच्या फोटोसाठी ठेवा. कामाच्या पोर्ट्रेटला सुती किंवा सुती-रेशमी, बारीक काठाची इरकल, मंगळगिरी, महेश्वरी अशी साडी बघा. खळ फार कडक असेल तर खांद्यावर तंबू उभा राहतो. एकदा नेसून, मोडून मग घाला. पिना साडीच्या रंगाच्या, आणि आतून लावा.

पायरी ६: व्यवसायाचा पोशाख घालावा का?

वकिलांनी जपून. बँड (गळ्याचे पांढरे पट्टे) आणि गाऊन, काही समारंभ सोडले तर, कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी घालू नये असं बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत आहे, आणि वकिलांना जाहिरात करायलाही मनाई आहे. मी तरी त्यांना बँड काढून साधा काळा किंवा राखाडी कोट सुचवतो.

डॉक्टरांचा एप्रन चालतो. मात्र मागे पांढरं नको, आत रंगीत शर्ट हवा आणि खिशावर औषध कंपनीचं पेन नको. कीर्तनकार, प्रवचनकार यांचा फेटा हा त्यांचा चेहराच, तो हवाच. फक्त बांधताना कपाळावर एक बोट मागे सरकवा, कारण वरून येणाऱ्या उजेडात त्याची सावली भुवयांवर पडते. उपरण्याची जरीची किनार आतल्या बाजूला घडी करून घ्या. शेफ, फिजिओ, मूर्तिकार, वर्कशॉप चालवणारे यांनी रोजच्या कामाचे कपडे, पण धुतलेले. माझ्याकडे एक लोहारकाम करणारे गृहस्थ ब्लेझर घालून आले होते. चार फोटोंनंतर त्यांनीच विचारलं, ‘साहेब, माझा चामड्याचा एप्रन गाडीत आहे, आणू का?’ निवडला गेला तो एप्रनमधलाच.

आयटीवाल्यांनी कंपनीच्या लोगोचा टीशर्ट टाळावा. नोकरी बदलते, फोटो राहतो.

पायरी ७: टिकली, दागिने, चष्मा

खड्याची टिकली फ्लॅशमध्ये पांढरा ठिपका होते, म्हणून मखमली लावा. मंगळसूत्र आत की बाहेर, हे तुमचं तुम्ही ठरवा, पण अर्धं आत अर्धं बाहेर नको. कुड्या, मोती, लहान टॉप्स उत्तम. लोंबणारे झुमके मान वळवली की प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतात. चष्मा रोज लावत असाल तर फोटोतही लावा, फक्त काचा तिथे गेल्यावर पुन्हा पुसा. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर दहा मिनिटं आधी आत येऊन बसा. घरी जुनी, काचा काढलेली फ्रेम असेल तर सोन्याहून पिवळं.

पायरी ८: मोबाइलवर तालीम

आरसा फसवतो, कारण आरशासमोर आपण सतत हलत असतो. तीन जोड निवडा. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीकडे तोंड करून उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला सांगा. ब्यूटी मोड बंद. सेल्फी नको, कारण बऱ्याच फोनांत ती उलटी दिसते, पदर उजवीकडे जातो आणि भांगही बदलतो.

मग प्रत्येक फोटो खांद्यापर्यंत कापा. एकदा कृष्णधवल करा: चेहरा आणि कपडा वेगळे दिसतात का? एकदा नखाएवढा लहान करा: आधी नजर कुठे गेली? कॉलरवर, हारावर, लोगोवर गेली असेल तर तो जोड बाद. दोन जोड उरले की दोन्ही न्या. हा पाऊण तास वाचवून स्टुडिओत तीन तास घालवलेले लोक मी पाहिलेत.

पायरी ९: आदला दिवस आणि तो दिवस

केस कापायचे तर चार-पाच दिवस आधी. आदल्या दिवशी कापले की कानामागे फिकट पट्टा दिसतो. इस्त्री वाफेची, आणि कॉलरच्या मागच्या बाजूने सुरुवात. कपडे घडी न करता हँगरवर, वर जुनी चादर. लोकलने येणार असाल तर, आणि मुंबई-ठाण्याच्या हवेत तर नक्कीच, साध्या टीशर्टमध्ये या आणि इथे येऊन बदला. मला घामाचा डाग पुसता येतो, घाम आलेल्या माणसाचा वैताग पुसता येत नाही.

पिशवीत हे टाका: दुसरा जोड, सेफ्टी पिना, रुमाल, कंगवा, आणि कपड्यावरची धूळ काढायला सेलोटेप (हाताला उलटी गुंडाळून थापायची). खिशातला फोन, पेन, किल्ल्या बाहेर. गळ्यातली आयकार्डची दोरीही. ती काढायला निम्मे लोक विसरतात आणि मीही कधी कधी विसरतो, म्हणून पहिले पाच फोटो झाले की कॅमेऱ्याची स्क्रीन मागून घ्या आणि चेहरा सोडून फक्त गळ्याभोवती बघा. कॉलरचं एक टोक कोटाच्या वर आलेलं असतंच.